अकरावी टाचणी

"अगं, हे हात धुण्याचे आहेत... सुईचे नव्हेत!"

चौदा वर्षं झाली होती त्या शब्दांना. तरी पाण्यात हात घातला की थोरलीच्या कानांशी ते तस्सेच उठत, जणू सासूबाई आत्ताच मागे उभ्या राहून बोलल्या! नव्या नवरीच्या उमेदीनं तिनं हातभर लेस विणली होती, क्रोशाची, पानाफुलांची... आणि ती सासूबाईंच्या मांडीवर ठेवून डोळे मिटून उभी राहिली होती. सासूबाईंनी पट्टी उलटली, सुलटली, खिडकीशी नेऊन उजेडात धरली. मग पट्टी त्यांच्या पेटीत गेली, सुई थोरलीच्या बोटांतून निघाली आणि तिच्या वाट्याला आली न्हाणीतली परात.

थोरलीनं परात घेतली. कुरकुरली नाही. सासूबाई विणत आणि ती धूत असे. हाताच्या लेसला पिळायचं नसतं, घासायचं नसतं. पांढऱ्या फडक्यावर हलके टाके घालून ती बसवायची, कोमट पाण्यात साबणाचा चुरा विरघळवायचा आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी तळहातानं नुसती दाबायची. तेलाच्या डागावर पीठ पसरायचं. चहाच्या डागावर ताबडतोब थंड पाणी. बोटाला सुई टोचून रक्त लागलं, तर ज्याचं रक्त त्याचीच थुंकी! गावभरच्या बायका डागाळलेल्या लेसा घेऊन तिच्याकडे येत, आणि जाताना कौतुक मात्र करून जात ते सासूबाईंच्या टाक्यांचं.

तेही तिनं सोसलं. पण गेल्या वर्षी धाकटी जाऊ घरात आली, आणि महिन्याच्या आत सासूबाईंनी आपली चांदीच्या मुठीची सुई तिच्या हाती दिली!

त्या दिवसापासून थोरलीच्या काळजात काहीतरी वळवळू लागलं. धाकटी हसली तरी तिला टोचे, गप्प बसली तरी टोचे. "ताई, तुमच्या हातून धुऊन निघाली की माझी लेस कशी ओळखूसुद्धा येत नाही हो!" असं ती भाबडेपणानं म्हणे, आणि थोरलीला वाटे, माझी लेस म्हणते! माझी! दुपारी पडवीत दोघी सासू-सून शेजारी बसत, सासूबाईंच्या ओठांवर जुनी ओवी येई,

दोरा दोऱ्याला भेटला, सुई राहिली एकली,
सई विणते गं जाळी, गाठ मनात झाकली...

आणि धाकटी तिला सूर देई. न्हाणीत परातीपाशी थोरलीचे डोळे भरून येत. एकली राहिलेली सुई कोण, हे तिला कुणी सांगायला नको होतं!

त्या मंगळवारी धाकटीनं मोठं काम पुरं केलं. मास्तरीणबाईंच्या मुलीच्या लग्नातल्या ओढणीची झालर, सात हात लांब. घराबाहेर जाणारं धाकटीचं पहिलंच काम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिंपीणकाकू ती न्यायला येणार होत्या, ओढणीला शिवायला.

थोरलीनं झालर धुतली, हलकी खळ दिली, फळीवर जाड पांढरी चादर अंथरली. आता एकेका पाकळीला टाचणी लावून ती ताणून वाळवायची. टाचण्या पितळी हव्यात. ओल्या लेसवर लोखंडी टाचणी लागली की रातोरात गंज उतरतो. शिंपीणकाकूंच्या लोखंडी टाचण्या येता-जाता टाचण्यांच्या डब्यात मिसळत, म्हणून घरात नियमच झाला होता: खुंटीवरचं लोहचुंबक आधी डब्यावरून फिरवायचं. लोखंडी असेल ती उडी मारून चुंबकाला चिकटते. चौदा वर्षांत थोरली हे एकदाही विसरली नव्हती.

तिचा हात खुंटीकडे गेलाही होता... तेवढ्यात पडवीतून सासूबाईंचा आवाज आला. धाकटीच्या पाठीवर हात फिरवत त्या म्हणत होत्या, "माझ्यामागं या घराचं नाव तुझ्याच सुईनं राहील बघ, चिमणे!"

थोरलीचा हात खाली आला. रिकामाच.

तिनं टाचण्या लावायला घेतल्या. पिवळी, पिवळी, पिवळी... आणि मध्येच एक पांढुरकी, थंड चमकणारी. ती ओळखली तिनं! बोटं क्षणभर अडखळली. 'काढ गं, काढ ती...' आतून कुणीतरी म्हणालं. आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, 'चौदा वर्षं मीच का सांभाळायचं?' टाचणी आत गेली. पुढे आणखी एक, मग आणखी एक. अकरावी तर तिनं पाकळीच्या जाळीतून न घालता अंगठ्याचा सगळा भार देऊन थेट दोऱ्यातच दाबली!

सकाळी धाकटीची किंकाळी ऐकू आली.

"ताई! आई! हे काय झालं हो!"

सात हात शुभ्र झालरीवर अकरा तांबूस ठिपके उमटले होते. धाकटी फळीशी बसून हमसून हमसून रडत होती. नेमक्या त्याच वेळी, ओढणीचं माप पडताळायला म्हणून शिंपीणकाकू दारात.

"अगं बाई! झालरीला गोवर आलाय की काय!" त्या म्हणाल्या, पण कुणीच हसलं नाही, तसा त्यांचा आवाज उतरला. "टाचण्या कुणी लावल्या गं? चुंबक फिरवलं नव्हतं?"

थोरलीला वाटलं, आता बोलावं... आत्ता! पण जीभ टाळूला चिकटून बसली.

"मी लावल्या." सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "डोळे कुठं राहिलेत आता? वाटलं, आपणच आटोपावं."

थोरलीनं दचकून पाहिलं. सासूबाईंनी काल फळीला हातही लावला नव्हता! तिची नजर चुकवून त्या एवढंच म्हणाल्या, "थोरले, आता तुझ्याच हातात आहे सगळं."

"ब्लीच ओता की वाटीभर!" शिंपीणकाकू म्हणाल्या.

"नको, नको काकू! गंजावर ब्लीच म्हणजे आगीत तेल. डाग कायमचा बसेल आणि दोराही जळेल." थोरली पदर खोचत उठली. "लिंबं आण गं धाकटे. आणि मीठ. संध्याकाळपर्यंत ऊन आहे आपल्याजवळ."

"बघा बाई! मी दिवेलागणीला येते," म्हणून काकू गेल्या.

अंगणात फळी मांडली. ठिपक्यावर चिमूटभर मीठ, त्यावर लिंबाचा रस, वर ऊन. रस सुकू द्यायचा नाही. सुकला की पुन्हा थेंब. मग स्वच्छ पाणी. मग पुन्हा मीठ, पुन्हा रस... घामाच्या धारा लागल्या, लिंबानं नखांच्या कडा चुरचुरल्या, पण तिनं मान वर केली नाही. धाकटी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. मध्येच ती हळूच म्हणाली, "ताई, पाणी घेता का? सकाळपासून घोटभरसुद्धा घेतलं नाहीत..." आणि थोरलीला वाटलं, हिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

एकेक ठिपका आधी नारिंगी झाला, मग पिवळा, मग नाहीसाच. दुपार कलेपर्यंत दहा गेले. अकरावाही गेला... पण शेवटचं पाणी घालताना तिथला दोरा सुटला. जिथं तिनं टाचणी दोऱ्यातच दाबली होती, तिथं पाकळीला मुगाएवढं भोक पडलं!

धाकटीनं सुई घेतली. दोनदा टाका घातला, दोनदा उसवला. "नाही जमायचं ताई... मला सरळ विणता येतं हो, पण मोडलेल्यात टाका मिळवायचा कसा, ते कुठं येतं मला?" आणि चांदीच्या मुठीची ती सुई तिनं थोरलीपुढे केली.

थोरली बघतच राहिली. चौदा वर्षं! मग तिनं ओले हात पदराला पुसले, सुटलेलं टोक चिमटीत धरलं आणि सुई घातली. दोन साखळ्या, एक खांब, पुन्हा साखळी... बोटांना काही आठवून द्यावं लागलं नाही. पाण्याखाली इतकी वर्षं ती हेच तर चाचपत आली होती, कुठला टाका सैल, कुठला घट्ट! टोक दडवून तिनं पाकळी तळहातावर पसरली, तेव्हा भोक कुठं होतं ते तिलाही सापडेना.

सासूबाई काठी टेकत अंगणात आल्या. झालर मांडीवर घेऊन, डोळे मिटून, त्यांनी तर्जनी कडेकडेनं फिरवत नेली. आणि एका पाकळीवर बोट थांबलं.

"इथं."

"लागतो का हाताला?" थोरलीनं धास्तावून विचारलं.

"बाकी पाकळ्यांना टोकाची गाठ लागते, इथं काहीच लागत नाही. म्हणून तर ओळखलं."

ते ऐकलं आणि थोरलीचा बांध फुटला. ती तिथंच मातीत बसली. "आई, तुम्ही खोटं का बोललात? टाचण्या मी लावल्या! चुंबक मुद्दाम नाही फिरवलं... मला दिसत होत्या त्या, एकेक दिसत होती... आणि तरी मी दाबल्या!"

धाकटीच्या हातातली छत्री कलली. "ताई... एवढा राग होता माझ्यावर?"

"तुझ्यावर नव्हता गं... तुझ्या हाती गेलेल्या या सुईवर होता!"

मग छत्री मिटून धाकटी थोरलीच्या शेजारी, मातीतच बसली.

"मला सकाळीच कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "चुंबकावर आठवड्याची धूळ तशीच होती. गुन्हा तुझा एकटीचा असता, तर बोलले असते काकूंसमोर." त्या जड पावलांनी आत गेल्या आणि निळ्या कागदाची एक घडी घेऊन आल्या. पांढरी लेस पिवळी पडू नये म्हणून निळ्या कागदात ठेवतात, तशी. घडी उलगडली. आत हातभर पट्टी होती, पानाफुलांची. कोपऱ्यात सुई टोचल्याचा एक जुना, तपकिरी ठिपका.

थोरलीनं आपलं रक्त ओळखलं.

"अगंबाई, हीच ती!" धाकटी उद्गारली. "आई, याच पट्टीवरून तर तुम्ही मला टाके शिकवलेत! मास्तरीणबाईंच्या झालरीचं फूलसुद्धा यातलंच. तुमच्या तरुणपणची म्हणाला होतात ना ही?"

सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली. हलवतच राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी थोरलीचे लिंबानं सोललेले दोन्ही हात आपल्या ओंजळीत घेतले, आणि त्यांच्या कोरड्या, कडक आवाजाला प्रथमच चीर गेली...

"हे हात धुण्याचे कधीच नव्हते, पोरी! तुझा टाका माझ्या टाक्याहून देखणा होता... आणि मला ते बघवलं नाही."