ताब्याचा रकाना

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. त्यामुळे हे लिहायला मला तीन महिने लागले. यातलं एक अक्षरही पदरचं नाही. उलट एक गोष्ट लपवावीशी वाटतेय... बघू, जमतं का.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. या मार्चमधला गुरुवार, दुपारचे अडीच, आणि जागा कोल्हापुरातली शाहूपुरी. भर बाजार. समोर चहाची गाडी, शेजारी मोटारीच्या पार्टचं दुकान.

मी सिव्हिल इंजिनियर. जागांचं मूल्यांकन करतो. एखाद्या ट्रस्टला आपली जागा विकायची असेल तर मनात आलं आणि विकली, असं चालत नाही. धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. अर्जासोबत माझ्यासारख्याचा रिपोर्ट जातो. त्यात 'ताबा' नावाचा एक रकाना असतो. आत कोण राहतं, ते तिथं लिहायचं.

ही जागा म्हणजे एक धर्मशाळा. ट्रस्टचं नाव सांगणार नाही. नेसरी-गडहिंग्लजकडून पेशंट घेऊन येणाऱ्या बायाबापड्यांना चार दिवस टेकता यावं, म्हणून एका लिंगायत व्यापाऱ्याने बांधलेली. अकरा वर्षं बंद होती.

अकरा वर्षांपूर्वीही ती विकायचा अर्ज झाला होता. तेव्हाचा रिपोर्ट माझाच. विश्वस्तांच्या भांडणात तो अर्ज बारगळला. आता परत अर्ज, आणि परत मलाच फोन.

अशा वेळी आमच्या धंद्यात एक सोपी वाट असते. जुना रिपोर्ट काढायचा, तारीख आणि भाव बदलायचा. मी तेच केलं. ताब्याच्या रकान्यात जुनंच वाक्य राहिलं. 'इमारत रिकामी असून आत कोणीही वास्तव्यास नाही.' सही ठोकली, कागद बॅगेत टाकला. फोटो तेवढे जागेवरच काढावे लागतात, म्हणून गेलो.

ट्रस्टचे बाळासो किल्ली घेऊन उभे होते. समोर भाजी विकणारी चिमणाबाई माझ्याकडे टक लावून बघत होती.

"पावणं, आज तरी आत जाणार हाय का?" ती ओरडली. "मागच्या टायमाला उंबऱ्यावरनंच गेलता!"

"ए म्हातारे, तू भाजी वीक की!" बाळासो खेकसले. मग मला म्हणाले, "जावा साहेब तुम्ही. फोटो काढा, तवर मी चहा सांगतो."

मी आत गेलो.

लांब दिवाणखाना. शहाबादी फरशीवर बोटभर धूळ. कोपऱ्यात सतरंज्यांची चळत. मी चार फोटो काढले.

पाचवा काढताना हात थांबला...

भिंतीजवळ पितळी तांब्या होता. लख्ख घासलेला. शेजारी वाटीत गुळाचा खडा.

मी वाकून पाहिलं. तांब्या काठोकाठ भरलेला होता. बोट लावलं... पाणी गार होतं.

धुळीत पावलं फक्त माझीच होती.

मागे दार लागलं.

वाऱ्याने लागलं असेल, म्हणून मी कडी ओढली. दार हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. पाय लावून ओढलं. फळ्यांमधल्या फटीतून बाळासो दिसत होते, पंधरा पावलांवर, हातात चहाचा ग्लास.

"बाळासो! दार उघडा!"

त्यांनी मान वळवली नाही.

मी बुक्क्या मारल्या. फोन लावला. रेंज होती. ते खिशातून फोन काढताना मला दिसले. "हॅलो? हॅलो?... आवाजच येईना," म्हणत त्यांनी फोन कट केला.

मी परत लावला. "धैर्यशीलराव, बोला की!" ते म्हणाले. मी तर घसा फोडून बोलत होतो. त्यांनी परत कट केला.

माझं नाव धैर्यशील. आणि मी भर दुपारी एका बंद दाराला विनवण्या करत होतो.

मग बाळासो आले. दार त्यांच्या हाताने सहज उघडलं. ते माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभे राहिले आणि माझ्यातून पलीकडे बघत राहिले.

"साहेब गेले जणू," ते स्वतःशीच म्हणाले. "कोण न्हाय आत."

मला पुढे पडायचं होतं, त्यांचा शर्ट धरायचा होता. अंग हललं नाही. दार मिटलं. बाहेर कुलूप लागल्याचा आवाज आला.

कधी नव्हे तो मी रडलो. दाराला टेकून खाली बसलो. तेव्हा दाराची आतली बाजू दिसली.

लाकडावर खुणा होत्या. अर्धगोल. एकावर एक, शेकडो. कमरेच्या उंचीवर जास्त, खाली कमी कमी होत गेलेल्या. शेवटच्या तर फरशीलगत...

मागून आवाज आला.

टण...

तांब्या मघाशी भिंतीजवळ होता. आता माझ्या पायाशी होता. त्याच्या काठाला पोचे होते.

आता ते लपवून काय उपयोग? सांगूनच टाकतो.

अकरा वर्षांपूर्वी या उंबऱ्यावर मला एक म्हातारी भेटली होती. गौराबाई. पगार नाही, कागद नाही. आल्यागेल्याला गूळपाणी द्यायची, पेशंटच्या बायकांचं जेवण करायची. मी उन्हातून आलो म्हणून तिने मला गूळ दिला, तांब्याभर पाणी दिलं. ते पाणी मी प्यालो. मग बाळासोंना विचारलं, या बाईंचं काय लिहू?

"ती कुणी न्हाय," ते म्हणाले होते. "लिहू नका."

मी लिहिलं नाही. ओल्या ओठांनीच 'रिकामी' लिहिलं आणि गेलो. पुढे तिचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं नाही, कारण उत्तर नको होतं.

आता बाहेर कागद सांगत होता, आत कोणी नाही. सही माझीच होती.

मी बॅगेतून रिपोर्ट काढला. ते वाक्य खोडलं. वर लिहिलं, 'गौराबाई, वृद्ध स्त्री, पूर्वीपासून येथे वास्तव्यास.' खाली सही केली. मग तांब्या उचलला आणि त्याच खुणांवर आपटायला लागलो.

टण. टण. टण.

"अवो, आत कोणतरी हाय!" चिमणाबाईचा आवाज आला.

"उंदरं असतील गं!"

"मागल्या टायमालाबी हेच म्हणालासा! तीन दिवस ऐकलंय मी, कागद दाखवून गप्प बसवलंत. आता न्हाय बसणार. उघडा, न्हायतर दगडानं फोडते!"

दार उघडलं. बाळासोंनी मला पाहिलं आणि त्यांच्या हातातली किल्ली खाली पडली.

रस्त्यावर येऊन मी वळून पाहिलं. तांब्या माझ्या हातात नव्हता. आतही नव्हता.

मग चिमणाबाईने सगळं सांगितलं. त्या वेळी रिपोर्ट झाला त्याच संध्याकाळी कुलूप लागलं. गौराबाई मागच्या खोलीत झोपली होती. 'रिकामी' म्हणून कुणी आत पाहिलंच नाही. आठ दिवसांनी दार उघडलं. म्हातारी होती, गेली, म्हणाले. पुढेमागे कुणी नव्हतं. गुपचूप उरकलं.

तो खोडलेला रिपोर्ट मी स्वतः जाऊन हरकत म्हणून दाखल केला. बाळासो घरी आले. आधी हात जोडले, मग आवाज चढवला. "ती कवाच मेली की!"

"मग तसं लिहून द्या," मी म्हणालो. "कुठं मेली, कधी मेली, दार कुणी लावलं होतं."

ते लिहून दिलं तर माझाही पहिला रिपोर्ट उघडा पडणार, हे दोघांनाही माहीत होतं. तेव्हापासून आम्ही दोघेही तिथेच अडकलोय.

रिपोर्टात ताबा तिचा, म्हणून धर्मादाय कार्यालयातून गौराबाईंच्या नावे नोटीस निघाली. धर्मशाळेच्याच पत्त्यावर, रजिस्टर पोस्टाने. तिथं तर कुलूप आहे. नोटीस परत येणार, प्रकरण संपणार, असं मला वाटलं होतं.

मागच्या आठवड्यात मी फाईल पाहायला गेलो.

नोटीस परत आलेली नव्हती. पोचपावती आली होती. सहीच्या जागी अंगठा होता. ठसा शाईचा नव्हता... पिवळसर, चिकट. त्यात एक मुंगी अडकून मेली होती.

मंगळवारी सुनावणी आहे. तिला ओळखणारा साक्षीदार म्हणून माझं नाव लागलंय. मी सगळं खरं सांगणार, पहिल्या रिपोर्टचंही. लायसन जायचं तर जाऊ दे.

पण त्याआधी शिपाई दारात उभा राहून गौराबाईंच्या नावाचा पुकारा करणार. सगळे दाराकडे बघतील. मला मात्र बघावंच लागेल... ती आलेली बाई तीच का, हे मलाच सांगायचंय.