लेखक वारला त्या दुपारी

प्लोव्दिव शहरात त्या दुपारी पाऊस असा काही कोसळला, की रालित्सा धावत जाऊन बानित्साच्या दुकानाच्या छपराखाली उभी राहिली. थोड्या वेळात तोंडी परीक्षा होती. मागच्या भिंतीवर गल्लीतल्या माणसांच्या निधनाचे कागद डकवलेले, आणि ही डोळे मिटून पुटपुटत होती – "लेखक मेला... लेखक मेला आहे..."

"फार वाईट झालं," शेजारून आवाज आला. "तुमच्या जवळचे होते?"

तिनं डोळे उघडले. एक उंच, चिंब भिजलेला मुलगा. हातातली चीज भरलेली खुसखुशीत, गरम बानित्सा त्यानं अदबीनं खाली धरली होती.

"कोण?"

"हे... लेखक."

रालित्साला हसू आवरेना. हा साहित्यसिद्धान्ताचा धडा आहे, तिनं सांगितलं. लिहून झालं की लिहिणाऱ्याचा अधिकार संपतो, अर्थ वाचणाऱ्यानं लावायचा.

"मग ही अर्धी बानित्सा घ्या," तो म्हणाला, "आणि अर्थ तुम्हीच लावा."

त्याचं नाव लाचेझार. बोलींचा विद्यार्थी. डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करत हिंडायचा. परीक्षा संपली, लिंडनच्या फुलांना वास सुटला आणि दोघं रोज संध्याकाळी टेकडीवर भेटू लागले. तो गावोगावचे शब्द आणायचा, ती त्यांची चिरफाड करायची. शिकता शिकता तिला ती खोडच जडली होती. कविता वाचायला घेतली की आधी तिचा सांगाडा दिसे. आईनं फोनवर 'जेवलीस का' विचारलं तरी त्यामागचा सत्तेचा खेळ दिसे. पूर्वी एखाद्या ओळीनं डोळे भरून यायचे, ते कधी बंद झालं तिलाही आठवत नव्हतं.

एकदा लाचेझार बराच वेळ बुटाच्या नाडीशी चाळा करत बसला. मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "तू नसलीस ना... की हे शहर रिकामं वाटतं."

घाबरून तिनं नेमकं तेच केलं, जे तिला येत होतं. रिकामं शहर ही फार वापरून गुळगुळीत झालेली प्रतिमा आहे, ती म्हणाली. शिवाय या वाक्यात प्रेम करणारा माणूस कुठाय? आहे ते नुसतं शहर.

तो हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. "बरोबर आहे," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मित्राकडून कळलं, की तो कामासाठी रोडोपीच्या डोंगरात निघून गेला – चांगला महिनाभर.

रालित्साला अन्न गोड लागेना. पुस्तक उघडावं तर पानापानावर तेच गुळगुळीत वाक्य, आणि आता त्यानंच डोळे भरून येत. शेवटी एका सकाळी तिनं डोंगराची बस पकडली.

मित्रानं सांगितलेल्या गावात, शिना नावाच्या आजींच्या अंगणात लाचेझार यंत्र मांडून आजींचं बोलणं टिपत बसला होता. चुलीवर किसलेल्या बटाट्याची जाड पोळी खरपूस होत होती. रालित्सा फाटकातच थबकली. बसमध्ये तिनं छान छान वाक्यं जुळवली होती... आता एकही आठवेना.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," ती म्हणाली. "यापेक्षा चांगलं वाक्य मला येत नाही."

लाचेझारचे कान लाल झाले. शिना आजींनी तवा उतरवला आणि आपल्या बोलीत त्याला काहीतरी खडसावलं. तो आणखीच लाल झाला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पोरीला उन्हात काय उभं केलंयस." मग तो अडखळत सांगू लागला, की इकडच्या बोलीत नामाला, म्हणजे 'पोरी'सारख्या शब्दाला, शेपूट लावतात. बोलणाऱ्याजवळ असेल त्याला एक, ऐकणाऱ्याजवळ असेल त्याला दुसरं आणि लांब असेल त्याला तिसरं.

"मग मला कुठलं लावलं? लांबचं?"

"तेच लावायला हवं होतं. तू फाटकात उभी आहेस ना." त्यानं आता सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. "पण आजींनी ऐकणाऱ्याचं लावलं... म्हणजे माझ्याजवळचं."

"आजींचं व्याकरण चुकायला नको," ती म्हणाली, आणि फाटक ढकलून त्याच्या अगदी शेजारी जाऊन बसली.