भिंत अजून ओली आहे

या, जवळ बसा. मध्येच कुणी फिदीफिदी हसायचं नाही, कारण हे ज्याच्यावर बेतलं तो माझा साडू आहे आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. घरात पाणी शिरलं की उपसायचं, घर सुकवून द्यायचं, हा त्याचा धंदा.

एका तळमजल्यावरच्या घरात गटार तुंबून उलटं आलं. कमरेएवढं मैल्याचं पाणी. साडूनं पंप लावून उपसलं आणि घरमालकाला बजावलं, "हे नळाचं पाणी नाही. गाद्या फेका, खालचा गिलावा खरवडा, भिंती वाळेपर्यंत राहायला येऊ नका. आणि उघड्या हातानं कशाला शिवू नका."

घरमालकाची म्हातारी आई फणकारली, "उभा जन्म हे घर पुसलं मी. आता हातमोजे घालून पुसू होय?"

साडू हसला. पंप तिथंच ठेवून दुसऱ्या गावच्या कामाला गेला.

दहा-बारा दिवसांनी परतला तसा घरमालकाचा फोन. "तुमचा पंप न्या बाबा. फिनेल मारलंय, उद्या पोरीला घेऊन राहायला येतोय. लोकांच्या घरी किती दिवस काढायचे? किल्ली मीटरच्या पेटीत आहे."

मंगळवार होता. रात्रीचे सव्वाअकरा. घरातली वीज बंदच होती. साडूनं गमबूट, हातमोजे, मास्क चढवला, बॅटरी घेतली, कुलूप काढलं. फिनेलच्या खाली तोच वास. भिंतीवर बॅटरी मारली. कमरेपर्यंत काळी ओल...

आतल्या खोलीत कुणीतरी फडकं पिळत होतं.

थेंब पडले. मग फरशीवर घासणं. मग पुन्हा पिळणं.

म्हातारी उकिडवी बसली होती. पाठमोरी. काळोखात. उघड्या हातांनी पुसत.

"आजी, दिवा नाही, काही नाही, काय करताय? मोजे कुठायत?"

ती थांबली. वळली नाही.

"निघतच नाही रे..."

तिच्या टाचेला पट्टी होती. काळी पडलेली. साडूनं एक मोजा काढला, तिला उठवायला हात पुढे केला.

"शिवू नकोस. हात घाण आहेत माझे."

ती होती समोर. आवाज आला कानाशी.

"मोजा घाल आधी."

त्यानं घातला.

"पोरीला आणू देऊ नकोस. भिंत अजून ओली आहे."

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. कुलूप तर बाहेरून होतं...

बाहेर येऊन त्यानं दार कसं लावलं, त्याचं त्यालाच ठाऊक. घरमालकाला फोन केला. "तुमच्या आई... इथे..."

"आई गेली," तो म्हणाला. "टाच कापली होती. तशीच त्या घाणीत बसून पुसत राहिली. विष अंगभर भिनलं. तुम्ही एवढं सांगून गेला होतात... तुम्हाला कळवायला जीभच रेटली नाही."

पुढे सगळा गिलावा काढला, भिंती कोरड्या ठणठणीत झाल्या, तोवर त्यांनी पोरीला तिकडे फिरकू दिलं नाही. पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं.

दोघं आले. किल्ली रात्रभर साडूच्या खिशात. कुलूप जसंच्या तसं. घरमालक पायरीवरच खिळला.

दाराबाहेर, भिंतीला टेकवून, पोरीच्या इवल्याशा चपला उभ्या केल्या होत्या.

"ह्या... आतल्या खोलीत होत्या," तो म्हणाला.

धुतलेल्या. पाणी अजून निथळत होतं.

आणि ते पाणी स्वच्छ होतं.