साहेबांची खुर्ची गटारावर

"तक्रार दिली होती का?" पालिकेच्या ऑफिसात साहेबांनी मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं.

"कितीदा!" मिरची कडाडली. "आमच्या गल्लीतल्या गटाराचं झाकण गायब आहे! माझी आई त्यात पडली, पाय मोडला तिचा! तिचं शिलाईचं काम बंद पडलंय!"

"झाकण आहे. आमचा माणूस बघून आलाय." साहेब उठले. "जेवायची वेळ झाली माझी. सुट्टी आहे ना? खेळा जाऊन!"

ढब्बूने मिरचीचा दंड धरला नसता, तर टेबलावरच्या पेपरवेटचं काही खरं नव्हतं.

तिघं धुमसत बाहेर आले. फाटकापाशी चष्मिस थबकला. पायाखालच्या लोखंडी झाकणावरचा चिखल त्याने चपलेने खरवडला. आधी पिवळा रंग दिसला, मग वाकडी मिशी.

"अरे, हा तर आपला मिशीवाला!" ढब्बू ओरडला. सुट्टी लागली त्याच दिवशी त्यांनी गल्लीतल्या झाकणावर हा चेहरा रंगवला होता.

"मोठे अधिकारी पाहणीला आले होते ना," शिपाई जांभई देत म्हणाला. "इथलं झाकण फुटलेलं. साहेब म्हणाले, कुठूनतरी आणून बसवा."

कुठूनतरी! साहेबांची लाज राखायला आईचा पाय!

"उचला ते!" मिरची झाकणाशी वाकली.

"म्हणजे इथे कोणीतरी पडेल," चष्मिस म्हणाला. "त्यापेक्षा साहेबांनाच आपल्या गल्लीतल्या खड्ड्यापाशी आणू."

"ते कसले येतात!"

"खुर्ची गेली की धावत येतील."

ढब्बूने गंभीर चेहरा केला. "काका, साहेबांची खुर्ची न्यायची आहे."

"दुरुस्तीला? न्या बाबा, फार कुरकुरते ती!"

चाकांची खुर्ची खडखडत गल्लीत आली आणि गटाराच्या तोंडावर बसली. मिरचीने नगरसेविकाबाईंना फोन लावला. बघता बघता सगळी गल्ली जमली. बाईही आल्या आणि त्यांच्यामागून धापा टाकत साहेब!

"खुर्ची चोरता? पोलिसांत देईन!"

"चोरली नाही, कामाला लावली," चष्मिस म्हणाला. "सरकवून बघा ना!"

साहेबांनी खुर्ची सरकवली. खाली काळंकुट्ट गटार!

"ह्यांच्या माणसाला इथे झाकण दिसलं होतं!" मिरचीने सगळं सांगून टाकलं. साहेबांचा चेहरा पडला.

"ह्यांचं झाकण आत्ताच्या आत्ता परत आणा," बाई कडाडल्या. "आणि फाटकावर नवं बसेपर्यंत त्या भोकापाशी तुम्ही स्वतः उभे राहा!"

"शाबास, पोरांनो!" गल्लीतल्या काका-काकूंनी टाळ्या वाजवल्या.

"शाबास काय?" मिरचीचा आवाज फाटला. "खड्डा रोज दिसत होता ना? वळसा घालून जात होतात सगळे! एकजण तरी बोललात?"

टाळ्या थांबल्या.

"चूक माझीही आहे," नगरसेविकाबाई हळूच म्हणाल्या. "गेल्या प्रभागसभेत एक बाई ह्या झाकणाबद्दल बोलल्या होत्या. एकट्याच आल्या होत्या. मला वाटलं, एकाच बाईची तक्रार, बघू नंतर."

"ती माझी आई होती," मिरची म्हणाली.

पुढच्या सभेला दाटीवाटीने बसूनही जागा पुरली नाही. साहेब भिंतीला टेकून उभे होते. पोरांनी साहेबांचीच चाकांची खुर्ची ढकलत थेट पुढे आणली. तीत प्लास्टरमधला पाय पुढे करून मिरचीची आई बसली होती.

"हं, बोला ताई," बाई म्हणाल्या. "आज सगळे ऐकतायत."