पुढे चालणारा हेडली

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मैत्रिणीने, सेलिनाने, मला ती दोनदा सांगितली, दोन वर्षांच्या अंतराने, आणि एक शब्दही बदलला नाही. थापा मारणाऱ्याला एवढं पाठांतर जमत नाही.

ऑगस्टमधला शनिवार. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाचा उत्तर किनारा. दुपारचे तीन... भुताखेतांची वेळसुद्धा नव्हे.

सेलिना आणि तिचा नवरा हेडली कॅम्पर, म्हणजे आत बिछाना असलेली गाडी, घेऊन खडीच्या जुन्या खाणीत मुक्कामाला होते. आमच्या बेटावर सगळेच असे उतरतात. जागा फुकट, शेजारी समुद्र, आणि दलदलीत पिकलेली बेकॲपलची रानफळं.

मग धुकं आलं.

"निघू या," हेडली म्हणाला.

मोठ्या रस्त्यापर्यंत कच्ची वाट एकच. जेमतेम मैलभर, मध्ये एकही फाटा नाही.

वीस मिनिटं गाडी चालली... आणि समोर तीच खाण. त्यांनीच पाणी ओतून विझवलेली चूल. अजून वाफ येत होती.

पुन्हा निघाले. हेडली शिट्टी वाजवत होता.

पुन्हा तीच खाण.

तिसऱ्या खेपेला मात्र हेडलीची शिट्टी बंद पडली.

आपल्याकडे महाराष्ट्रात याला चकवा म्हणतात. इथले लोक पऱ्यांचं नाव न घेता 'ती छोटी माणसं' एवढंच कुजबुजतात. सेलिनाच्या आजीने सांगितलेले उपाय दोन. कोट उलटा घालायचा, नाहीतर खिशात पाव ठेवायचा. सेलिनाने आपला कोट उलटा केला आणि पावाचा तुकडा नवऱ्याच्या खिशात कोंबला.

"तुझी आजी गेली, पण डोकं तुझ्याकडे ठेवून गेली!" हेडली हसला. "चाळीस वर्षं इथे ट्रक हाकलाय मी. पुढे चालत जातो. तू हळूहळू मागून गाडी आण."

"पाव खिशातच राहू दे रे. हात जोडते."

"पाव खायचा असतो, म्हातारे."

दोन घासांत त्याने तो संपवला, मिशी पुसली आणि उतरला.

सेलिना त्याच्या केशरी जॅकेटवर नजर रोखून गाडी हाकू लागली.

दहा मिनिटं... अर्धा तास...

तो एकदाही वळून बघेना. तिने हॉर्न वाजवला. हाका मारल्या. काही नाही.

चाकांखालची खडी वाजायची थांबली. आता खाली नुसतं गवत होतं.

थांबावं तर तो धुक्यात दिसेनासा होणार. जावं तर कुठे?

आणि तेवढ्यात... मागच्या बिछान्यावरून आवाज आला.

"सेलिना, कुणाच्या मागे चाललीस गं?"

आवाज हेडलीचा होता.

तिने आरशात पाहिलं. हेडली बिछान्यावर बसून डोळे चोळत होता. अंगात केशरी जॅकेट.

"तू... तू आत कधी आलास?"

"केव्हाच. दार तूच उघडलंस की."

ती स्टिअरिंग सोडून उठलीच नव्हती.

समोर पाहिलं तर पुढचा हेडली आता वळला होता. दोन्ही हात जिवाच्या आकांताने हलवत होता. तोंड उघडत होतं... आवाज नव्हता.

तिने कचकन ब्रेक दाबला.

इंजिन बंद पडलं आणि तिला लाटा ऐकू आल्या. अगदी खालून, कड्याच्या तळातून.

पुढचा हेडली एक पाऊल मागे सरला... आणि समोर फक्त धुकं उरलं.

ती दाराकडे झेपावली. खांद्यावर हात पडला.

"उतरू नकोस. गाडी मागे घे. वाट मला माहीत आहे."

पाच मिनिटांत मोठा रस्ता लागला.

हरवलेल्या माणसाला शोधायला अख्खं गाव जातं. पण सेलिनाचा नवरा तर शेजारी बसला होता. त्या कड्याखाली कुणीही शोधायला गेलं नाही.

याला पाच वर्षं झाली. मागच्या महिन्यात न राहवून मी तिला म्हटलं, "अगं, एकदा विचारून टाक ना त्याला, तू नक्की कोण म्हणून."

"आणि त्याने खरं सांगितलं तर?" सेलिना हळूच म्हणाली. "झोपायचं मला त्याच्याच शेजारी आहे."

तेवढ्यात हेडली हसत चहाचे कप घेऊन आला. मी माझा तसाच ठेवला आणि घरी निघून आले.