हरण्याचा डाव

शनिवारची भर दुपार होती, म्हणजे घाबरायची वेळच नव्हती. पूर्णा गावात मी कामाला आहे त्या गोदामात मसाल्याची खोकी असतात. तीन महिन्यांतून एकदा शटर पाडून, फटींना चिकटपट्टी लावून आत कीड मारायचं विषारी औषध सोडतात. मग थेट सोमवारी उघडायचं. त्या दिवशी औषध सोडायचं होतं; त्याआधी खोक्यांच्या सगळ्या थप्प्या पुऱ्या करायच्या होत्या.

जेवायला बसलो की मी मोबाईलवर एक खेळ खेळायचो. माझ्याबरोबर खोकी रचणाऱ्या भावेशनेच तो मोबाईलमध्ये घालून दिलेला. खोकी ढकलून खुणांवर बसवायची. पण सगळी नीट बसली की पडदा काळा होतो आणि लिहून येतं, 'हरलास'. विस्कटली की 'जिंकलास', आणि एक लहान पोर खुदकन हसते. आठवीत शाळा सोडली तेव्हापासून मला 'जिंकलास' कोणी म्हटलं नव्हतं. म्हणून आवडायचा.

त्या दिवशी नवा डाव उघडला आणि घास हातातच राहिला. आमचेच खांब. आमचंच शटर. तिसऱ्या खांबामागे, खोक्यांच्या पलीकडे दोन ठिपके. एक मोठा, एक लहान. श्वास घ्यावा तसे फुगत होते...

तिसऱ्या खांबाची थप्पी आम्ही नुकतीच छताला भिडवली होती. बाहेरून रचताना मागे कोणी डोकावत नाही.

"राहीबाई गेल्या का रे?" मी हळूच विचारलं. त्या आमच्याकडे झाडलोट करतात.

"कवाच. वहीत अंगठा हाय ना तिचा," भावेश म्हणाला.

पण घरी जायची अंजूरची रिक्षा चुकू नये म्हणून त्या जाण्याचा अंगठाही सकाळीच देऊन ठेवायच्या.

"जल्दी करो भाई!" औषधवाला बाहेरून ओरडला. शटर खाली यायला लागलं.

चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. मी थप्पीतलं एक खोकं धरलं आणि माझ्याच अंगावर ओढलं.

धडाधड पाच-सहा खोकी आली. मिरची पूड उडाली.

"येडा झाला का रं!" मुकादम काळूराममामा ओरडले आणि शिंकले. भावेश शिंकला. औषधवाला शिंकला. मग सगळं शांत झालं. आणि थप्पीमागून... दोन शिंका आल्या. एक जाड, एक नाजूक.

आम्ही खोकी उपसली. गोणपाटांच्या ढिगावर राहीबाई डोळे चोळत होत्या.

"मेल्यांनो, घडीभर निजू पन देत न्हाय!"

काय हसलो आम्ही! मामांनी मला उचललंच. "सगळं काम बिघडवलंस पोरा, शाब्बास!" डोळे पुसत म्हणाले, "मिरची लय तिखट हाय." औषधवाल्याने सगळ्यांना चहा पाजला. त्या दिवशी मी चारचौघांत मोठ्याने हसलो.

राहीबाईंनी कप तोंडाला लावता लावता थांबवला. "आन त्या पोरीला चा न्हाय दिला?"

"कुठली पोर?"

"माज्याजवळ निजली व्हती ना. म्हनली, नीज आजी, दादा आज जिंकनार हाय."

मी थप्पीमागे गेलो. कोणी नव्हतं. गोणपाटावर राहीबाईंच्या जागेशेजारी एक लहानसा खळगा होता. मी हात ठेवला. उबदार होता...

आणि माझ्या हाताखाली तो हळूहळू वर आला. कोणी उठून बसावं तसा.