कारंजं कसं होतं?

जावयाने दार वाजवलं तेव्हा सासूबाई शहराचा नकाशा पलंगावर पसरून बसल्या होत्या. त्यांनी आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या उघड्या पेटीकडे, आणि नकाशाची घडी घालून टाकली.

"काय होतं हिच्यात?"

"इम्पेलर," जावई म्हणाला. शब्द नवा असेल म्हणून त्याने हवेत बोटाने गोल काढून दाखवला. "पंपाच्या पोटात फिरतं ते पात्यांचं चाक. नव्या घडणीचं, जगात एकच आहे, आई. म्हणजे होतं."

जावई पंपांच्या कंपनीत होता. या शहराच्या पाणी खात्यापुढे नवा पंप मांडायला कंपनीची माणसं आली होती. उद्या सकाळी बैठक, त्याआधीच्या दोन्ही संध्याकाळी मोकळ्या. शहर असं, की लोक लांबून येत, कशाच्या तरी पुढे उभं राहून फोटो काढत आणि पाय चोळत परत जात. बायकोचा आठवा महिना होता, म्हणून तिने आपल्या जागी आईला पाठवलं होतं. "मोकळ्या संध्याकाळी एकट्याने काय करशील?" असं तिने सहज विचारलं होतं.

तिच्या आईच्या बाबतीत मात्र हा प्रश्न धंद्यातला होता. सासूबाई खासगी गुप्तहेर होत्या. चोऱ्या, भांडणं, हरवलेली माणसं सगळं बघत, पण ऑफिसचा गाडा चालत होता तो लग्नाआधीच्या आणि लग्नानंतरच्या चौकशांवर. परगावी कामाला गेलेला माणूस आणि त्याची मोकळी संध्याकाळ, या विषयाने त्यांचं एक अख्खं कपाट भरलं होतं. त्या कपाटात जावयाचीही फाइल असल्याची कुटुंबात कुजबुज होती. विचारायची त्याची छाती झाली नव्हती.

"साहेब काय म्हणाले?"

"उद्या बैठकीत चाक टेबलावर नसेल, तर परत गेल्यावर ऑफिसात यायची तसदी घेऊ नका म्हणाले." जावयाने रिकामी पेटी पलंगावर ठेवली. "पेटी माझ्या खोलीत होती. त्यांना वाटतं, मीच कुठेतरी घालवलं. किंवा विकलं."

"तुम्ही? विकलं?" सासूबाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "तुमच्या साहेबांना माणसांची पारख नाही. चला."

आदल्या संध्याकाळी दोघं तळ्याकाठी फिरायला गेले होते. फिरणं कसलं, वाऱ्याशी झोंबी. सासूबाईंची नवी टोपी तळ्यात गेली, ती बुडेपर्यंत त्यांनी तिच्याकडे करारी नजरेने पाहिलं होतं. बाहेर पडताना जावयाने खोलीची किल्ली काउंटरवर दिली होती. तिथली बाई किल्ल्या मागच्या फळीवर टांगून ठेवी.

सासूबाईंनी पहिल्यांदा तिलाच गाठलं. बाईला नीट आठवत होतं. संध्याकाळी तुमच्या कंपनीचं निळं जाकीट आणि टोपी घातलेलं कोणीतरी आलं, कॉलर वर केलेली होती. किल्लीकडे बोट दाखवलं, घेऊन गेलं, थोड्या वेळाने परत आणून ठेवली.

"पुरुष की बाई?"

"टोपी होती," बाई म्हणाली. "त्या जाकिटात तुम्ही सगळे सारखेच दिसता."

"काही बोललं?"

"अवाक्षर नाही. बरंच वाटलं मला. काल सकाळी तुमच्यातल्या त्या गप्पिष्ट गृहस्थांनी इतकं पकवलं होतं, की त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचं दुखणं मला पाठ झालंय. बाकीच्यांशी तोंडओळखसुद्धा नाही."

जावयाच्या हाती यात काहीच लागलं नाही. सासूबाई मात्र मान डोलावत लिफ्टकडे निघाल्या. लिफ्टमध्ये शहरातल्या प्रसिद्ध कारंज्याचं रंगीत चित्र होतं. मधोमध दगडी घोडा, त्याच्या डोक्याच्याही वर चढलेलं निळं-केशरी पाणी. पोलिसांत जायचं साहेबांनी आधीच नको म्हटलं होतं, गिऱ्हाइकाच्या कानावर जाईल म्हणून. मग जावयाने सगळ्यांच्या खोल्यांची झडती सुचवली.

"झडतीची चाहूल लागली की चोर माल तळ्यात टाकतो," सासूबाई म्हणाल्या. "माझी एक टोपी तिथे आहे, तेवढी पुरे. आपण फक्त विचारायचं, काल संध्याकाळ कशी गेली. परगावी आलेल्या माणसाला हे सांगायला आवडतं."

साहेब स्वतः सबंध संध्याकाळ पाणी खात्याच्या प्रमुखांच्या घरी होते, तेव्हा उरले तिघं.

हिशेबनीस काकांना आवडलं नाही. टेकडीवर जायच्या रोपवेने सूर्यास्त बघायचा असं त्यांनी महिनाभर ठरवलं होतं. वाऱ्यामुळे रोपवे संध्याकाळभर बंद. आता सुरू होईल, मग सुरू होईल, म्हणून ते खालच्या बाकावर बसून राहिले आणि सूर्य त्यांच्या पाठीमागे मावळला. "लोकांना विचारा," ते म्हणाले. "मी तिथल्या माणसाशी भांडत होतो."

डिझाइनवाल्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. चाक त्यांच्याच डोक्यातून उतरलेलं. डोकं दुखत होतं म्हणून संध्याकाळभर खोलीत पडून होते, असं त्यांनी सांगितलं. बोलताना त्या चष्मा सारखा पुसत होत्या, काचेवरचे पांढरे ठिपके काही जात नव्हते. खिडकीत त्यांचे कापडी बूट वाळत घातले होते.

"आई, बूट," जावई बाहेर येताच कुजबुजला. "खोलीत पडून राहिलेल्या माणसाचे बूट भिजतात होय? चाक त्यांनी घडवलं आणि नाव साहेबांचं लागणार आहे. रागाने त्यांनीच..."

"बूट मी पाहिले," सासूबाई म्हणाल्या. "चष्माही पाहिला. पुढचं दार."

पुढचं दार रेडिओचं. कंपनीतला सर्वांत जुना विक्रेता. रेडिओ हे नाव त्याच्या तोंडावरच घेतलं जाई आणि तो ते पदकासारखं मिरवी. कंपनीचा प्रत्येक नवा पंप आजवर त्यानेच बोलून विकला होता. या वेळी मात्र साहेबांनी मांडणी जावयाकडे दिली होती, कारण या पंपात बोलण्यापेक्षा दाखवण्यासारखं जास्त होतं.

"या, या, मावशी! काल? काल डोळ्यांचं पारणं फिटलं. कारंजं! पहिल्याच बाकावर जागा मिळाली. पाणी घोड्याच्या डोक्याच्याही वर जातंय, निळं होतंय, केशरी होतंय, आणि काय ते संगीत! डोळे मिटून ऐकत बसलो. शेवटपर्यंत हललो नाही."

टेबलावर फीत बांधलेलं गोल, जाड पुडकं होतं. बायकोसाठी पितळी थाळी घेतली, असं त्याने न विचारता सांगितलं. जावयाला एकदम ओशाळल्यासारखं झालं. आपल्या बायकोला काही घ्यायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत त्याचा धीर पार सुटला. आता जाऊन साहेबांना डिझाइनवाल्या बाईंचं सांगू या, असं तो तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा सासूबाईंनी पर्स उचलली.

"आजची संध्याकाळ मोकळी आहे ना? कारंजं बघायला जाऊ."

"आई, माझी नोकरी चाललीय."

"म्हणूनच. पहिल्या बाकावर बसायचं."

संगीत सुरू झालं. पाणी उसळलं, निळं झालं, घोड्याच्या डोक्यावरून गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जावयाने मान तिरकी केली.

"बेअरिंग गेलंय," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"पंपाचं. ऐका ना, खडे भरडल्यासारखा आवाज येतोय. संगीताच्या वर येतोय."

सासूबाईंना संगीतच ऐकू येत होतं. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि पाणी घोड्याच्या डोक्यावरून थेट गुडघ्यांवर बसलं. बसता बसता त्याचे तुषार पहिल्या बाकावर आले.

"बिघडलं?"

"नाही, नाही." उदास असला तरी पंपाचं काही विचारलं की जावई खुलत असे. "तो खांब बघा, त्यावर वाऱ्याच्या वाट्या फिरताहेत. वारा वाढला की पंप आपोआप मंद होतो. नाहीतर बघणाऱ्यांना आंघोळ. आमच्या धंद्यात शेंबड्या पोराला माहीत असतं हे." वारा पडला आणि पाणी पुन्हा वर चढलं.

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. पाणी वाळलं, पण पांढरे ठिपके राहिले. क्षाराचं पाणी होतं.

त्याच वेळी बायकोचा फोन आला. तिला चोरीचं काही सांगितलं नव्हतं. कुठे आहेस, तिने विचारलं. कारंजं बघतोय, जावई म्हणाला.

"कसं आहे?"

"बेअरिंग गेलंय."

पलीकडून ती इतकी हसली की सासूबाईंनाही ऐकू गेलं. "म्हणजे खरंच गेला आहेस."

सासूबाईंचा हात चष्म्यावरच थांबला. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "उठा, जावईबापू. झोपायला चला. सकाळी लवकर काम आहे."

सकाळी नाश्त्याच्या टेबलाशी सगळे जमले. रेडिओ आपलं सामान घेऊनच खाली आला होता, बैठकीनंतर थेट निघायचं म्हणून. साहेब टोस्टला लोणी लावत होते आणि जावयाकडे अजिबात बघत नव्हते.

"ज्याने किल्ली घेतली तो बोलला नाही," सासूबाईंनी सुरुवात केली. "नुसतं बोट दाखवलं. काउंटरवरची बाई तुमच्यातल्या एकाचाच आवाज ओळखते. बाकीच्यांना तोंड उघडायची भीती कमी. हा पुरावा नव्हे, नुसता वास आहे. पण वास आला की मी नाक दाबून बसत नाही."

रेडिओ हसला. "मावशी, मी कारंज्यापाशी होतो."

"तेच सांगते. परवा वारा कसला होता? माझी टोपी गेली. काकांचा रोपवे संध्याकाळभर बंद होता. काल एक झुळूक आली तर पाणी घोड्याच्या गुडघ्यावर बसलं, आणि ते का, हे मला जावईबापूंनी समजावून सांगितलं. सांगून झाल्यावर स्वतः मात्र उदास होऊन बसले."

जावयाच्या तोंडाचा आ तसाच राहिला. सगळं त्यानेच सांगितलं होतं, आणि त्याच्याच डोक्यावरून गेलं होतं.

"परवा पाणी घोड्याच्या डोक्यावर जाणं शक्यच नव्हतं. ते जातं फक्त लिफ्टमधल्या चित्रात. निळं आणि केशरी. तुम्ही चित्राचं वर्णन केलंत."

"वारा मध्ये थोडा वेळ पडला असेल," रेडिओ म्हणाला.

"ते परवा तिथे असलेल्या माणसालाच विचारू." सासूबाई डिझाइनवाल्या बाईंकडे वळल्या. "तुमच्या चष्म्यावर जे ठिपके होते, ते काल माझ्याही चष्म्यावर आले. तुम्ही खोलीत नव्हता."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं, मग ताटलीकडे. साहेबांनी संध्याकाळी बसून तक्ते नीट करायला सांगितले होते. त्या डोकेदुखीचं निमित्त करून निसटल्या होत्या. "इतक्या लांब आले होते," त्या म्हणाल्या. "एक तरी गोष्ट बघावी म्हटलं. पाणी सबंध वेळ घोड्याच्या गुडघ्याच्या वर गेलं नाही. पहिल्या बाकावर मी एकटी होते, नखशिखांत भिजले. आणि पंपाचं बेअरिंग..."

"गेलंय," जावई म्हणाला.

"पार गेलंय," बाई म्हणाल्या.

"हे ऐकलंत?" सासूबाई म्हणाल्या. "पंपांच्या धंद्यातली दोन माणसं कारंजं बघून आली. दोघांना पाण्याआधी पंप आठवला. तुम्ही इतकी वर्षं पंप विकता, रेडिओ. पहिल्या बाकावर डोळे मिटून बसलात म्हणता, आणि सांगताना पंपाचा शब्दही नाही? तुमच्या तोंडाला कुलूप कधी नसतं. तिथे गेला असता, तर त्या बेअरिंगवरून मला अर्धा तास पकवलं असतंत."

रेडिओची बोटं पुडक्याच्या फितीशी खेळू लागली होती, ते त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"थाळी बघू या का?" सासूबाईंनी विचारलं. "ज्यांच्या गुडघ्याचं दुखणं तुम्ही परक्या बाईला इतकं सांगता, त्यांच्यासाठी आणलेली वस्तू बघायला मला आवडेल."

रेडिओने स्वतःच फीत सोडली. कागदातून चाक बाहेर आलं, पात्यांसकट.

"विकणार नव्हतो," तो हळूच म्हणाला. "चाक नसतं तर साहेबांना बैठकीत मलाच उभं करावं लागलं असतं. नुसतं बोलून विकून दाखवलं असतं. मग ते सापडलंही असतं कुठेतरी."

"आणि माझी नोकरी?" जावयाने विचारलं.

रेडिओ सोडलेली फीत बोटाला गुंडाळत राहिला. साहेबांनी त्याला सामान उचलायला सांगितलं, बाकीचं ऑफिसात बोलू म्हणाले. जावयाची त्यांनी माफी मागितली नाही. फक्त लोणी लावलेला टोस्ट त्याच्या ताटलीत ठेवला. त्यांच्या कारकिर्दीत माफीच्या इतक्या जवळ ते कधी आले नव्हते.

बैठकीत जावयाने चाक टेबलावर ठेवलं आणि तयार केलेलं भाषण विसरला. म्हणून जे आठवलं ते बोलला: तुमच्या कारंज्याचं बेअरिंग गेलंय. पाणी खात्याचे प्रमुख खुर्चीत पुढे सरकले. ही तक्रार ते वर्षभर सगळ्यांना पटवू पाहत होते. पंपाची मागणी जेवणाच्या आधीच नक्की झाली.

सासू-जावयाची गाडी रात्रीची होती. संध्याकाळ उरली, ती दोघांनी पुन्हा पहिल्या बाकावर घालवली. शेजारी बायकोसाठी घेतलेली शाल होती, सासूबाईंनी निवडलेली.

"आई," जावयाने शेवटी धीर केला. "माझी फाइल आहे म्हणतात. काय लिहिलंय तिच्यात?"

"फार नाही. लग्नाआधी तुम्ही माझ्या लेकीला बागेत घेऊन गेला होतात. आल्यावर मी विचारलं, बाग कशी होती? म्हणाली, ते म्हणाले तिथला पंप उलटा फिरतोय. मी माझा माणूस बागेत पाठवला."

"मग?"

"उलटाच फिरत होता," सासूबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी फाइल बंद केली."